नावापुढचं लंडन

डॉ. विजयश्री पडवळ कधीच लंडनला गेली नव्हती. लंडन राहू द्या, तिनं विमानसुद्धा आतून पाहिलं नव्हतं. तरी चाकणच्या तळेगाव चौकाजवळ ती ज्या दवाखान्यात नोकरी करायची, त्याच्या निळ्या पाटीवर तिच्या नावापुढे बीडीएस होतं, मग स्वल्पविराम, मग इंग्रजी अक्षरांची एक माळ आणि शेवटी कंसात लंडन. खाली जाड अक्षरांत 'इम्प्लांट सर्जन'. सकाळी स्कूटी लावताना ती मान खाली घालूनच पायऱ्या चढायची.

भामा नदीच्या काठच्या गावातली ती पोर. वडील अर्जुनराव आधी शेती करायचे. अर्धी जमीन एमआयडीसीत गेल्यावर ते एका कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि तिथंच फिटर होऊन निवृत्त झाले. विजयश्री बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टर, झाली तेव्हा गावात पहिल्यांदाच कुणाच्या नावाआधी डॉक्टर लागलं. पुढची एमडीएस ही तज्ज्ञाची पदवी. त्यासाठी तिनं दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा नंबर लागला नाही. मग ती या दवाखान्यात लागली. दात भरणं, दात काढणं, रूट कॅनाल, कवळ्या बसवणं ही कामं ती चांगली करायची. तिचा हात हलका होता आणि म्हातारी माणसं तिचंच नाव सांगून यायची.

लंडनचं प्रकरण साधंच होतं. पडलेल्या दाताच्या जागी हाडात स्क्रू बसवतात, त्याला इम्प्लांट म्हणतात. त्याची माहिती असावी म्हणून तिनं घरी बसून आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला. रोज तासभर व्हिडिओ बघायचा, शेवटी चाळीस प्रश्नांची परीक्षा. पास झाल्यावर ईमेलनं प्रमाणपत्र आलं. त्यावर संस्थेचा पत्ता लंडनचा होता. दवाखान्याचे मालक डॉ. समाधान यांनी ते पाहिलं आणि पुढच्याच आठवड्यात पाटी बदलली.

तिनं त्यांना सांगून पाहिलं, की दंत परिषदेनं मान्य केलेल्या पदव्याच पाटीवर लिहायच्या असा नियम आहे. समाधान सरांनी मोबाइलमधून डोकं वर न काढता उत्तर दिलं, "सगळेच लावतात गं. पेशंट अक्षरं मोजतो, डिग्री वाचत नाही." त्यांचे आणखी दोन दवाखाने होते, एक मोशीला, एक भोसरीला, आणि तिथल्या पाट्यांवरही अशाच माळा होत्या. तिनं दुसऱ्यांदा विषय काढला नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर पाटी लागली त्या संध्याकाळी तिनं गुपचूप त्या पाटीचा फोटोही काढला होता.

तो फोटो तिच्या भावानं तिच्या मोबाइलमधून घेऊन घरच्या ग्रुपवर टाकला आणि मग सगळं तिच्या हातातून गेलं. आठवड्याभरात गावाच्या कमानीला फ्लेक्स लागला. त्यावर तिचा पांढऱ्या कोटातला फोटो, मागे कुठलातरी घड्याळाचा मनोरा आणि 'लंडन येथून उच्चशिक्षण घेऊन आलेल्या आपल्या कन्येचे हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांचे बारा चेहरे. अर्जुनराव त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून कमानीपाशी तासभर उभे होते. तिनं त्यांना सांगायला तोंड उघडलं, पण वडिलांचा चेहरा पाहिला आणि फक्त घरी चला एवढंच म्हणाली.

तेव्हापासून तिच्या मनात भीती घर करून बसली. अनोळखी माणूस वहीपेन घेऊन दवाखान्यात शिरला, की हा परिषदेचाच माणूस असणार असं तिला वाटायचं. औषध कंपनीच्या एका प्रतिनिधीनं पाटीकडे पाहत "मॅडम, लंडनला कुठं होतात?" असं सहज विचारलं, तेव्हा तिच्या हातातला आरसा ट्रेमध्ये पडला. कॉलेजातली एक मैत्रीण रस्त्यानं येताना दिसली म्हणून ती एकदा औषधाच्या दुकानात शिरून उगाच खोकल्याची बाटली घेऊन बाहेर पडली. पण या सगळ्यापेक्षा मोठी भीती वेगळी होती आणि ती तिनं स्वतःशीही कधी उच्चारली नव्हती. ही पाटी खरी मानून एक दिवस कुणीतरी खुर्चीत येऊन बसेल.

जे बसलं ते घरचंच माणूस निघालं.

छबूबाई म्हणजे अर्जुनरावांच्या चुलतभावाची बायको, विजयश्रीची काकू. वय बासष्ट, अंगानं वाळकी, जिभेला धार. तोंडात एकही दात उरला नव्हता. वरची कवळी नीट बसायची, खालची मात्र बोलता बोलता उचलली जायची, त्यामुळे भाकरी दुधात कुस्करून खावी लागायची. खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट बसवले की त्यांना कवळी अडकते आणि हलत नाही, हे त्यांच्या मुलानं, दादासाहेबानं, कंपनीतल्या कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्यानं पिंपरीतल्या एका मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञाची वेळही घेतली होती. छबूबाईंनी ती रद्द करायला लावली. घरातली पोर लंडनला शिकून आलेली असताना परक्याच्या दारात कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं.

दवाखान्यात अशी कामं खरं तर पुनम मॅडम करायच्या. त्या तोंडाच्या शस्त्रक्रियेच्या एमडीएस. दर गुरुवारी यायच्या. त्यांच्या शेजारी उभं राहून विजयश्रीनं चार इम्प्लांट बसवले होते. चारही सोपे, जाड हाडातले, आणि चारही वेळा मॅडमचा हात तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होता.

तो गुरुवारच होता. दादासाहेबानं सुट्टी टाकून आईला गाडीतून आणलं. एक वाजता पुनम मॅडमचा फोन आला. मोशीजवळच्या रुग्णालयात अपघाताची केस आली होती, जबडा मोडलेला, त्यांना निघता येणार नव्हतं. काकूंना पुढच्या गुरुवारी बोलवा आणि तोवर थ्री-डी स्कॅन करून घ्या, असं त्यांनी सांगितलं. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही.

विजयश्रीनं सुटकेचा श्वास सोडला आणि तेच बाहेर येऊन सांगितलं. दादासाहेबाचा चेहरा उतरला. पुढच्या आठवड्यात त्याची शिफ्ट बदलत होती. छबूबाईंना तर ते पटेचना. "ती मॅडम कोण म्हनायची? भाईर बोर्डावर तर तुजं नाव हाय."

समाधान सर काउंटरपाशीच उभे होते. ते हसत म्हणाले की काकूंचं बरोबर आहे, आमच्या डॉक्टरांना हे काम रोजचं आहे. मग विजयश्रीला आत बोलावून ते हळू आवाजात म्हणाले, की दोनच स्क्रू आहेत, तेही पुढच्या भागात, तिथं नससुद्धा नाही, यापेक्षा सोपी केस मिळायची नाही.

त्या घटकेला तिनं बाहेर जाऊन एक वाक्य बोलायला हवं होतं. काकू, मी सर्जन नाही. पुढे कित्येक महिने ती ते वाक्य मनात घोळवत राहिली. इतकं लहान वाक्य. पण समोर वडिलांची चुलत भावजय, वडिलांचा इस्त्रीचा सदरा, कमानीवरचे बारा चेहरे. ती बाहेर गेली आणि म्हणाली, "या काकू, करू आपण."

केसपेपरवर काकू हृदयासाठी रोज एक बारीक गोळी घेत असल्याचं लिहिलेलं होतं. रक्त पातळ करणारी गोळी. तिनं ते वाचलं, आणि दोनच स्क्रू असं मनाशी म्हणून कागद उलटा ठेवला.

पहिला स्क्रू नीट बसला. दुसऱ्यासाठी डावीकडे ड्रिल लावलं, तेव्हा हाड सुरुवातीला कडक लागलं आणि मग एकदम काहीच लागेना. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि तिथं पायरीच नसावी, तसं. काकूंचा जबडा जिभेच्या बाजूनं आत वळलेला होता आणि ड्रिल हाडाच्या पलीकडे गेलं होतं. विजयश्रीनं ते लगेच बाहेर काढलं. फारसं रक्त दिसलं नाही. तिनं कापूस दाबून धरला, मनात शंभरपर्यंत अंक मोजले आणि आरसा घालून पाहिलं.

जिभेखालची जागा निळसर झाली होती आणि फुगत होती.

हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतं. शेवटच्या वर्षी, एका परिच्छेदात. तिथं आतल्या बाजूनं एक धमनी जाते. ती तुटली तर रक्त बाहेर न येता जिभेखाली साचतं, जीभ वर उचलली जाते, मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होते. परिच्छेदाच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की अशा रुग्णाला मिनिटाचाही विलंब न करता रुग्णालयात न्यावं.

"काकू, नाकानं श्वास घ्या," ती म्हणाली. छबूबाईंनी काहीतरी उत्तर दिलं, पण ते शब्द नव्हते. जीभ टाळूला लागायला आली होती.

तिनं काकूंना ताठ बसवलं, दोन बोटं तोंडात घालून जिभेखाली कापसाचा बोळा दाबला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं हनुवटीखालून वर रेटा दिला. तिच्या सांगण्यावरून नर्सनं पुनम मॅडमना फोन लावून तिच्या कानाशी धरला. मॅडमनी चार शब्दांत ऐकून घेतलं. दाब सोडायचा नाही, आडवं झोपवायचं नाही, सरळ माझ्याकडे आणा, मी भूलतज्ज्ञांना खाली उभं करते, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. नर्सनं विचारून पाहिलं, जवळच्या रुग्णालयात त्या वेळी भूलतज्ज्ञ नव्हते. अँब्युलन्सला पंचवीस मिनिटं लागतील असं उत्तर आलं. दादासाहेबाची गाडी दारात होती.

समाधान सर जिन्यात भेटले. घाबरण्यासारखं काही नाही, थोडी सूज येतेच, असं ते दादासाहेबाला सांगू लागले. विजयश्री त्यांना बाजूला सारून खाली उतरली. तिची बोटं काकूंच्या तोंडातच होती.

साडेतीन वाजलेले. पहिली शिफ्ट सुटण्याची वेळ. तळेगाव चौकात कंपन्यांच्या बस एकीला एक चिकटून उभ्या, मध्ये कंटेनर, आणि उरलेल्या फटींत दुचाक्या. दादासाहेब हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मागच्या सीटवर विजयश्री काकूंना छातीशी टेकवून बसली होती. काकूंच्या घशातून घोरण्यासारखा आवाज येत होता. तो आवाज चालू आहे तोवर हवा आत जातेय, एवढंच तिला कळत होतं. तो अडखळला की ती हनुवटी आणखी वर रेटायची. डोळे मात्र काकूंचे उघडे होते आणि ते तिच्याकडेच लागलेले होते. त्यांत राग नव्हता. तिच्यावर अजून विश्वासच होता, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

आळंदी फाट्यापाशी गाडी पूर्ण थांबली. दादासाहेब खाली उतरून समोरच्या टेम्पोवाल्यांना हात जोडत पळत सुटला. बसमधून चार-पाच कामगार उतरले, त्यांनी दुचाक्या उचलून कडेला केल्या आणि मातीच्या पट्ट्यावरून गाडीला वाट करून दिली. विजयश्रीची बोटं बधिर झाली होती. ती दाबतेय की नुसतीच धरून बसलीय, हेही तिला समजेना. चिंबळी फाटा मागे पडला तेव्हा काकूंचे ओठ जांभळे दिसू लागले आणि त्यांनी तिचा दंड असा आवळला, की नखांचे वण पुढे आठवडाभर राहिले. तिनं तोंडानं काकूंशी बोलणं सुरू केलं. गावाचं, शेताचं, बोराच्या झाडाचं, काहीही. आपण काय बोलतोय हे तिला ऐकूही येत नव्हतं.

इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशीत शिरल्यावर रुग्णालय आलं. दारात पुनम मॅडम, भूलतज्ज्ञ आणि दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन उभे होते.

भूलतज्ज्ञांनी श्वासाची नळी टाकायची तयारी करता करता विचारलं, "ऑपरेट कुणी केलं? सर्जन कोण?"

विजयश्रीच्या शेजारीच दादासाहेब उभा होता.

"मी केलं. मी सर्जन नाही," ती म्हणाली. "बीडीएस आहे. स्कॅन केलेला नव्हता. डाव्या बाजूला ड्रिल आतून पलीकडे गेलं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आज सकाळीही घेतलीय, आणि ते मला माहीत होतं."

भूलतज्ज्ञांनी मान हलवली आणि त्या माहितीनुसार पुढची औषधं सांगितली. त्यांना तेवढंच हवं होतं. नाकातून नळी घालायचा पहिला प्रयत्न फसला, दुसरा साधला. मग दारं बंद झाली.

बाहेरच्या बाकावर दादासाहेब तिच्यापासून चार हात लांब बसला. तिथून त्यानं विचारलं, की लंडनचं काय. तिनं सगळं सांगितलं. आठ आठवडे, व्हिडिओ, चाळीस प्रश्न. तो उठून खिडकीपाशी गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. ती त्याच्याहून चार वर्षांनी लहान होती आणि शाळेत असताना तोच तिला सायकलवर डबलसीट न्यायचा. त्यानं थोबाडीत मारली असती तरी तिला बरं वाटलं असतं.

पुनम मॅडमनी धमनी शोधून बांधली. छबूबाई दोन दिवस नळीवर होत्या. त्या दोन दिवसांत विजयश्री घरी गेली ती फक्त आंघोळीला. तिसऱ्या दिवशी नळी निघाली. आवाज घोगरा झाला होता, तोंड काळंनिळं सुजलेलं. विजयश्री पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. जवळ जायचं धाडस होईना.

"तू खरंच न्हाई गेलतीस व्हय लंडनला?" छबूबाईंनी विचारलं.

"नाही काकू."

छबूबाईंनी नजर छताकडे वळवली. "मंग तवाच सांगायचं व्हतंस. मी काय तुला खाल्लं असतं का?" एवढं बोलून त्यांनी कूस बदलली.

अर्जुनरावांना गोष्ट दादासाहेबाकडून कळली. ते त्याच दिवशी शिडी घेऊन कमानीपाशी गेले आणि कुणालाही हात न लावू देता त्यांनी फ्लेक्स उतरवला. त्यानंतर आठ दिवस ते मुलीशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी जेवताना, ताटाकडेच बघत, त्यांनी एकच विचारलं, "मी तुला लंडनला कवा जायला सांगितलं व्हतं?"

तिनं नोकरी सोडली आणि दंत परिषदेला स्वतःच पत्र लिहिलं. पाटीचा तो फोटो पत्राला जोडला. समाधान सरांनी आधी फोनवर समजावलं, मग धमकावलं, शेवटी परिषदेपुढे लेखी दिलं की पाटीवरचा मजकूर डॉक्टरांनीच पुरवला होता, आम्ही विश्वासानं छापला. पुढे मुंबईला सुनावणी झाली. आत तीन माणसं बसली होती. त्यांनी ओरडून काहीच विचारलं नाही. पाटी कधी लागली, हरकत घेतली होती का, लेखी घेतली होती का. लेखी घेतली नव्हती. मग एका सदस्य बाईंनी विचारलं, की पाटी लागल्यापासून त्या दिवसापर्यंत किती महिने गेले. चौदा, ती म्हणाली. त्या बाईंनी तो आकडा कागदावर लिहिला आणि मान वर केली नाही. सहा महिने तिची नोंदणी स्थगित झाली. समाधान सरांची चौकशी वेगळी सुरू झाली. त्यांच्या तिन्ही पाट्या मात्र निकालाची वाट न बघता एका रात्रीत बदलल्या होत्या.

दादासाहेबानं पोलिसात तक्रार दिली नाही. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. छबूबाईंना पुढे पुनम मॅडमनीच नवी, खोल बसणारी कवळी करून दिली. स्क्रूचं नाव काढायचं नाही असं छबूबाईंनी आधीच बजावलं होतं. विजयश्रीच्या घरी त्या सणासुदीला येतात, चहा घेतात, बोलतात. दाताचा विषय दोघी काढत नाहीत.

सहा महिने संपल्यावर ती रहाटणीत एका वयस्कर डॉक्टरांच्या दवाखान्यात लागली. पहिल्या दिवशी ड्रिल हातात घेतलं आणि परत ट्रेमध्ये ठेवलं. साधा दात भरायचा होता. डॉक्टर शेजारी येऊन उभे राहिले, आणि काम संपेपर्यंत हलले नाहीत. असं दहा-बारा दिवस चाललं. पुढे ती एकटीनं काम करू लागली. ड्रिल एकदम मोकळं सुटल्याचा तो भास मात्र अधूनमधून होतो. मग ती हात बाहेर काढते, पेशंटला चूळ भरायला सांगते आणि आरशानं जिभेखाली दोनदा बघून घेते.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ वडिलांना घेऊन आले. अक्कलदाढ हाडात आडवी रुतलेली होती. विजयश्रीनं एक्स-रे उजेडात धरून पाहिला. दाढेची मुळं थेट नसेवर टेकली होती. तिनं सांगितलं की हे काम माझं नाही, सर्जनचं आहे, आणि पुनम मॅडमच्या नावानं चिठ्ठी लिहायला घेतली. गृहस्थ वैतागले. ऑफिसमधून अर्धा दिवस काढून आले होते. ते म्हणाले, "एक दाढ काढता येत नाही, मग तुम्ही डॉक्टर कसल्या?"

"दात भरणारी, काढणारी, कवळी बसवणारी," ती म्हणाली. "हाड कापणारी नाही. ते मी शिकलेली नाही."

त्यांनी चिठ्ठी घेतली, वडिलांचा हात धरला आणि दार आपटून निघून गेले. ते परत यायचे नाहीत हे तिला ठाऊक होतं. तिनं हात धुतले. बोटं गार पडली होती. बोटांत पुन्हा ऊब येईपर्यंत ती बेसिनपाशी उभी राहिली आणि मग पुढच्या पेशंटला आत बोलावलं.